ब्लॉकेज नाही, मग गोळ्या कशाला?

बार्शीहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, त्यातला मुख्य भाग देते.

‘डॉक्टर, माझे मिस्टर ४६ वर्षांचे. आमचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. दीड महिन्यापूर्वी गाडीतली पोती उतरवून घेतल्यावर रात्री त्यांच्या छातीवर दडपण आलं, जबडा दुखायला लागला, दरदरून घाम फुटला. सोलापूरला नेलं. तीनदा ईसीजी काढला, तीनही वेळा नॉर्मल. ट्रोपोनिन आधी ११ आलं, तीन तासांनी १२. अटॅक नाही म्हणून सकाळी घरी सोडलं, सोबत पित्ताच्या गोळ्या. आठवड्याने दाखवायला गेलो तेव्हा तिथल्या फिजिशियननी हृदयाचा सीटी स्कॅन करायला लावला. रिपोर्टमध्ये लिहिलंय : एलएडी नावाच्या नळीत ३० ते ४० टक्के अरुंदपणा, सॉफ्ट प्लाक, कॅल्शियम स्कोअर २२, कॅड-रॅड्स २ (ही अरुंदपणाची श्रेणी). एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १४२ आहे. रोसुवास्टॅटिन २० ही कोलेस्टेरॉलची गोळी आणि रक्त पातळ ठेवणारं ॲस्पिरिन ७५ सुरू केलं. यांनी तीन आठवडे घेतलं आणि बंद केलं. म्हणतात, अटॅक नाही, ब्लॉकेज नाही, मग जन्मभर गोळ्या कशाला? वर पाय दुखतात, साखर वाढते असं कुणीतरी सांगितलंय. माझे दीर उलट म्हणतात, पुण्याला जा आणि एकदाचा स्टेंट टाकून मोकळा हो. सासरे ५१व्या वर्षी शेतात काम करताना गेले. यांना तंबाखूची सवय आहे. खरं कोणाचं? स्कॅनची गरज होती की पैसे काढले? तो दर वर्षी करायचा का? दिरांचाही करून घ्यावा का? ते ४० वर्षांचे आहेत.’

ताई, पत्र वाचून मी आधी तुमच्या त्या फिजिशियनचे मनातल्या मनात आभार मानले. अटॅक नाही, हे ऐकून बहुतेक घरांत विषय तिथेच संपतो. तुमच्याकडे तो संपू दिला गेला नाही.

दीर आणि मिस्टर, दोघांचंही चुकतंय. पण दोघांचं चुकण्याचं कारण एकच आहे. हृदयविकार म्हणजे नळी किती टक्के बंद झाली, एवढंच आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं आहे. नव्वद टक्के असेल तर घाबरायचं, तीस टक्के असेल तर पेढे वाटायचे. मीही डॉक्टर होऊन काही वर्षं असाच विचार करत होते. त्याबद्दल पुढे सांगते.

घराच्या भिंतीत ओल धरते तेव्हा ती आधी आतच असते. वरून रंग चांगला दिसतो, खोलीचा आकारही तेवढाच असतो. एके दिवशी पोपडा सुटतो. हृदयाच्या नळीतला प्लाक, म्हणजे चरबीचा थर, असाच भिंतीच्या आत साठतो. सुरुवातीला नळी बाहेरच्या बाजूने थोडी फुगते, त्यामुळे रक्ताची वाट फारशी अडत नाही. चालताना दम लागत नाही, ट्रेडमिल टेस्ट नॉर्मल येते. पण थर मऊ असेल, वरचा पापुद्रा पातळ असेल, तर तो कधीतरी फाटतो. फाटला की शरीर ती जखम समजून तिथे रक्ताची गुठळी धरतं, आणि तीस टक्क्यांची नळी काही मिनिटांत शंभर टक्के बंद होऊ शकते. हा अटॅक. कितीतरी अटॅक अशा जागी येतात जिथे आदल्या दिवशी अँजिओग्राफी केली असती, तर तिथे फारसं काही नाही असाच शेरा मिळाला असता.

म्हणून तुमच्या रिपोर्टमधला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला शब्द टक्क्यांचा आकडा नाही, ‘सॉफ्ट’ हा शब्द आहे. सीटीच्या चित्रात कॅल्शियम पांढरंशुभ्र दिसतं, डाय, म्हणजे शिरेतून टोचलेलं औषध, भरलेली नळी पांढरी दिसते, आणि मऊ चरबीचा थर काळपट राखाडी. स्कॉटलंडमधल्या एका मोठ्या अभ्यासातले स्कॅन पुढे बारकाईने तपासले गेले. ज्यांच्या नळ्यांमध्ये हा काळपट थर चार टक्क्यांहून जास्त होता, त्यांना पुढच्या काही वर्षांत अटॅक येण्याची शक्यता इतरांच्या जवळजवळ पाचपट निघाली. कॅल्शियम स्कोअर २२ म्हणजे थोडाच, हे खरं. पण तो स्कोअर फक्त कडक झालेला भाग मोजतो, मऊ भाग त्यात येतच नाही. चाळिशी-पंचेचाळिशीच्या माणसात हे विसरून चालत नाही.

आता ट्रोपोनिनचं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात उतरतं. हल्लीची तपासणी इतकी नाजूक आहे की अगदी थोडंसं असलं तरी पकडते. ‘ट्रोपोनिन आय’ मोजणाऱ्या एका सर्रास वापरल्या जाणाऱ्या किटमध्ये पुरुषांची वरची मर्यादा ३४ आहे, बायकांची १६, आणि ५च्या खाली आलं तर धोका फारच कमी धरतात. (किट वेगळं असेल तर हे आकडे बदलतात, तेव्हा तुमच्या लॅबच्या कागदावरची मर्यादा बघा.) ११ आणि १२ म्हणजे मर्यादेच्या आत आणि तीन तासांत वाढही नाही. त्या रात्री अटॅक नव्हता, हे सांगणाऱ्या डॉक्टरांचं बरोबरच होतं. पण ५च्या खालीही नव्हतं. हा मधला पट्टा आहे, आणि या पट्ट्यातली माणसं घरी जातात तेव्हा त्यांच्या हातात बहुधा पित्ताच्या गोळ्याच असतात.

एडिनबर्गच्या डॉक्टरांनी नेमकी हीच माणसं तपासली. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या आणि अटॅक नाही असं ठरलेल्या २५० जणांचा त्यांनी हृदयाचा सीटी केला. २०२१ साली ते प्रसिद्ध झालं. ट्रोपोनिन मधल्या पट्ट्यात असलेल्यांपैकी शंभरात ७२ जणांच्या नळ्यांमध्ये आजार सापडला. अगदी कमी ट्रोपोनिन असलेल्यांत शंभरात ४३. दुखणं कसं होतं, हृदयाचं वाटत होतं की पित्ताचं, यावरून काही ओळखता आलं नाही. आणि मधल्या पट्ट्यातल्या ज्यांच्यात आजार सापडला, त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांना स्टॅटिन (तुमच्या मिस्टरांची रोसुवास्टॅटिन याच गटातली) आणि ॲस्पिरिनसारखं औषध सुरूच नव्हतं. अशा माणसांना शोधून काढून, स्कॅन बघून वेळीच औषध सुरू केलं तर पुढचे अटॅक टळतात का, हे तपासायला एडिनबर्ग विद्यापीठाने टार्गेट-सीटीसीए नावाची मोठी चाचणी हाती घेतली. तुमच्या मिस्टरांचं ट्रोपोनिन, त्यांचं वय, वडिलांचा इतिहास आणि तंबाखू बघता स्कॅन सांगणं मला योग्य वाटतं. पैसे काढले, असं मी म्हणणार नाही.

स्कॅनने फायदा होतो म्हणजे नक्की काय होतं, ते सांगते, कारण मिस्टरांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. स्कॉट-हार्ट नावाचा अभ्यास स्कॉटलंडमधल्या १२ हृदयरोग क्लिनिकमध्ये झाला. छातीत दुखतं म्हणून आलेले ४,१४६ लोक. निम्म्यांची नेहमीची तपासणी, निम्म्यांची नेहमीची तपासणी अधिक सीटी. पाच वर्षांनी हिशेब केला तेव्हा सीटी न केलेल्यांत हजारी ३९ जणांना अटॅक आला किंवा हृदयविकाराने मृत्यू झाला. सीटी केलेल्यांत हजारी २३. दहा वर्षांचा हिशेब २०२५ साली आला, ८२ विरुद्ध ६६. फरक टिकून राहिला.

आता यातली गंमत नव्हे, मर्म बघा. पाच वर्षांत दोन्ही गटांत अँजिओप्लास्टी आणि बायपास जवळपास सारख्याच झाल्या होत्या. म्हणजे सीटी केलेल्यांचे अटॅक स्टेंट जास्त टाकल्यामुळे कमी झाले नाहीत. वेगळं झालं ते एवढंच की ज्यांच्या चित्रात थर दिसला त्यांना गोळ्या सुरू झाल्या, आणि ज्यांच्या नळ्या स्वच्छ होत्या त्यांच्या उगाच चाललेल्या गोळ्या बंद झाल्या. स्कॅन स्वतः कुणाला बरं करत नाही. स्कॅन करून गोळ्या बंद करणं म्हणजे विहिरीला पाणी लागलं आणि मोटर बसवलीच नाही, तसं झालं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सीटी प्रत्येकाच्या कामाचा नाही. ब्रिटनमधल्याच ३७ रुग्णालयांत अटॅकचा संशय असलेल्या १,७४८ रुग्णांवर, ज्यांचं ट्रोपोनिन वाढलं होतं किंवा ईसीजीत बदल होते किंवा ज्यांना हृदयविकार आधीपासून होता अशांवर, आल्याआल्या सीटी करून पाहिला. वर्षभरात मृत्यू आणि अटॅकमध्ये काही फरक पडला नाही. ते बरोबरच आहे. त्यांच्या आजाराबद्दल शंका फारशी नव्हती, औषधं तशीही सुरू होणार होती. चित्राचा उपयोग तिथे, जिथे चित्र पाहून निर्णय बदलतो. तुमच्याकडे निर्णय बदलला. पित्ताच्या गोळीच्या जागी स्टॅटिन आलं.

आणि तेच बंद केलं.

माझा थोरला भाऊ कराडजवळ शाळेत गणित शिकवायचा. १९९९ साली, ४९व्या वर्षी, जिना चढताना छाती भरून येते म्हणाला. मी तेव्हा नुकती प्रॅक्टिस सुरू केली होती. ट्रेडमिल टेस्ट करून घेतली, नॉर्मल आली. तो कागद मी स्वतः वाचला आणि म्हणाले, ‘दादा, काही नाही, तू घोड्यासारखा आहेस.’ कोलेस्टेरॉल वाढलेलं होतं, ते बघू सावकाश म्हटलं. आठ महिन्यांनी गणपतीच्या दिवसांत पहाटे गेला. दिवस झाल्यावर वहिनींनी कपाटातून प्लॅस्टिकची फाइल काढून माझ्या हातात दिली. त्यात तो टेस्टचा कागद होता. मागच्या बाजूला वहिनींच्या अक्षरात दुधाचा हिशेब होता, ऑगस्टचा. कागद नॉर्मल होता म्हणून तो कुणाला लागणारच नव्हता, त्यावर हिशेब लिहिला गेला. त्या काळी हृदयाचा असा सीटी आपल्याकडे मिळत नव्हता. दादाच्या नळीतला थर कुणाला दिसला नाही. तुमच्या मिस्टरांचा दिसलाय, ताई. त्यांना हे वाचून दाखवा. त्यांनी मला शिव्या दिल्या तरी चालेल.

दिरांच्या स्टेंटबद्दल. अटॅक चालू असताना बंद नळी उघडायला स्टेंट जीव वाचवतो, त्यात वाद नाही. पण ३०-४० टक्क्यांच्या जागी स्टेंट टाकत नाहीत. कुणी टाकतो म्हणाला तर तिथून उठा आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. स्टेंट एका जागेला टेकू देतो, थर मात्र नळीभर कमी-जास्त पसरलेला असतो. २०२० साली इस्केमिया नावाचा अभ्यास आला. त्यात ५,१७९ रुग्ण होते, रक्तपुरवठा चांगलाच कमी झालेले, म्हणजे तुमच्या मिस्टरांपेक्षा कितीतरी पुढचा आजार. पण प्रकृती स्थिर होती. त्यांच्यातही सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास केल्याने नुसत्या औषधांपेक्षा मृत्यू कमी झाले नाहीत. दिरांचा जीव तुटतोय हे मला दिसतंय. वडील गेलेले त्यांनी पाहिलेत. पण एकदाचं मोकळं होणं या आजारात नसतं.

पाय दुखतात, याकडे दुर्लक्ष करू नका. खरंच स्टॅटिनमुळे स्नायू दुखू शकतात. पण लंडनच्या एका अभ्यासाने मला फार शिकवलं. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेले ६० लोक घेतले. त्यांना काही महिने स्टॅटिन दिलं, काही महिने हुबेहूब तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली पोकळ गोळी दिली, आणि काही महिने काहीच नाही. कुठल्या बाटलीत काय आहे ते त्यांना माहीत नव्हतं. स्टॅटिनवर होणाऱ्या त्रासापैकी ९० टक्के त्रास पोकळ गोळीवरही झाला. त्रास खोटा नव्हता, दुखत होतंच. पण त्याला कारण गोळी घेतल्याची धास्ती होती. मिस्टरांनी डॉक्टरांना जाऊन सांगावं. सीपीके नावाची रक्ततपासणी करता येते, डोस कमी करता येतो, एक स्टॅटिन बदलून दुसरं देता येतं, कमी डोसला इझेटिमाइब हे कोलेस्टेरॉलचं दुसरं औषध जोडता येतं. दहा वाटा आहेत. स्वतःहून बंद करणं त्यांत बसत नाही. साखरेचंही तसंच. ज्यांची साखर आधीच काठावर असते, त्यांची ती थोडी लवकर रेषा ओलांडते, हे खरं. म्हणून एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, करून घ्या आणि संध्याकाळी दुकान बंद केल्यावर चालायला जा. एलडीएल साधारण ३९ मिलिग्रॅमने उतरलं की मोठे हृदयविकार आणि पक्षाघात मिळून पाचव्या हिश्शाने कमी होतात. त्या फायद्यापुढे साखरेची ही थोडी वाढ लहान आहे.

ॲस्पिरिनबद्दल मात्र मी स्टॅटिनइतकी ठाम नाही. एवढ्या अरुंदपणात ते द्यावं की नाही, हे माणूस बघून ठरवतात. पूर्वी जठरात अल्सर झाला असेल, काळी शौच झाली असेल, अंगदुखीच्या गोळ्या वरचेवर घेत असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. शेतीच्या धंद्यातल्या माणसांना कंबरदुखीवर मेडिकलमधून थेट गोळी घ्यायची सवय असते, आणि ती कुणी विचारल्याशिवाय सांगत नाही.

आणि तंबाखू. चघळायची तंबाखू घेणाऱ्यांत अटॅकचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त आढळलं आहे, ५२ देशांच्या अभ्यासात. बिडी ओढत नाही ना, मग चालतंय, असं आपल्याकडे फार जण समजतात. दुकानाच्या गल्ल्यावर चुन्याची डबी राहणार असेल तर स्टॅटिनने एकट्याने किती ओढायचं? सोडताना पहिले पंधरा दिवस माणूस चिडचिडा होतो, तेवढे तुम्ही घरात सांभाळून घ्या. सरकारी क्विटलाइन १८००-११-२३५६ वर समुपदेशकांशी फुकट बोलता येतं.

स्कॅन दर वर्षी नको. त्यात डाय जातो, थोडं रेडिएशन जातं, आणि दर वर्षी बघून काही वेगळं करायचंही नसतं. शिवाय एक गंमतशीर वाटणारी गोष्ट आधीच सांगून ठेवते. स्टॅटिनमुळे मऊ थर आकसतो आणि घट्ट होतो, त्यात कॅल्शियम वाढतं. म्हणजे दोन वर्षांनी कुणी हौसेने कॅल्शियम स्कोअर केला आणि तो २२चा ४० झाला, तर गोळी लागू पडत नाही म्हणून ती पुन्हा बंद होईल! तसं करू नका. मोजायचं ते एलडीएल. गोळी नीट सुरू केल्यापासून सहा ते आठ आठवड्यांनी करा. १४२चं किमान अर्ध्यावर यायला हवं, म्हणजे ७०च्या आसपास किंवा खाली. तुमचे डॉक्टर त्याहून खाली म्हणाले तर ऐका. आपल्या भागातल्या लोकांना पहिला अटॅक इतर देशांतल्या लोकांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो. सरासरी ५३व्या वर्षी. तुमचे सासरे तर त्याच्याही आत गेले.

दिरांना काही होत नसेल तर त्यांचा सीटी अँजिओ आज करू नये, असं माझं मत आहे. लक्षणं नसलेल्या लोकांत स्कॅनने अटॅक टळतात का, हे स्कॉट-हार्ट २ या अभ्यासात तपासलं जातंय. मोठ्या शहरांत हल्ली वाढदिवसाच्या पॅकेजसारखे हृदयाचे स्कॅन विकतात, ते मला पटत नाही. दिरांनी रक्तदाब, उपाशीपोटी लिपिड (कोलेस्टेरॉलची तपासणी), एचबीए१सी आणि आयुष्यात एकदाच करायची लायपोप्रोटीन (ए) ही तपासणी करावी. ही शेवटची आनुवंशिक असते आणि साध्या लिपिडच्या कागदावर येत नाही. वडील आणि भाऊ दोघांना कमी वयात आजार, म्हणजे दिरांचं एलडीएल थोडं जरी जास्त निघालं तरी गोळीचा विचार करायला हवा. तिथे डॉक्टरांचं दोन्हीकडे मन होत असेल तर कॅल्शियम स्कोअर उपयोगी पडतो, त्याला डाय लागत नाही. आणि दिरांच्या छातीत, जबड्यात किंवा हातात श्रमाने काही व्हायला लागलं, तर मग हे सगळं बाजूला ठेवून लगेच दाखवायचं.

मिस्टरांना पुन्हा त्या रात्रीसारखं झालं तर जुना रिपोर्ट शोधत बसू नका, मागच्या वेळी काही निघालं नव्हतं असं म्हणून सकाळची वाटही बघू नका. १०८ला फोन लावा. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला द्या, आणि ईसीजी मिळेल अशा सर्वांत जवळच्या दवाखान्यात न्या. मोटारसायकलवर मागे बसवून नेऊ नका.

येत्या आठवड्यात दोघं मिळून त्या फिजिशियनकडे जा. मिस्टर एकटे गेले तर पाय दुखतात हे सांगणार नाहीत, आणि तंबाखूचं तर नाहीच नाही. सीटीची फिल्म सोबत न्या आणि त्यांना सांगा की तो काळपट थर यांना बोटाने दाखवा. माझ्या दवाखान्यात मी आता तसंच करते. कागदावरचे टक्के वाचून माणूस उठून जातो, पण स्वतःच्या नळीतली ती सावली बघितल्यावर बहुतेक जण गप्प बसतात आणि मग विचारतात, गोळी रात्री घ्यायची की सकाळी. रोसुवास्टॅटिन कधीही घेतली तरी चालते. रात्री जेवणानंतर, दुकानाचा हिशेब लिहितात त्या वहीशेजारी स्ट्रिप ठेवा. आणि एलडीएलचा नवा आकडा आला की मला कळवा, मी वाट बघते आहे.